‘आणलं’ म्हणजे विकत आणलं का?

पत्र :

नमस्कार बाई,

मी परतूर तालुक्यातला. शाळा, कॉलेज सगळं मराठीतून. बी.कॉम. करून दोन वर्षांपासून वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. गेल्या महिन्यात आमच्याच दुसऱ्या प्लांटमधून चाळीस बॉक्स आले. मी मेल टाकला, ‘वुई हॅव बॉट फॉर्टी बॉक्सेस फ्रॉम प्लांट टू.’ मला ‘आणले’ म्हणायचं होतं. अकाउंट्सनं बिल मागितलं, परचेसनं विचारलं ऑर्डर कुणी काढली, दोन दिवस नुसती मेलामेली. शेवटी मीटिंगमध्ये साहेबांनी माझे जुने मेल पडद्यावर लावले. ‘मशीन इज स्टेशनरी’चं स्पेलिंग वह्या-पेनांचं, ‘डोन्ट लूज द चलन’मध्ये दोन ओ, ‘किंडली ॲडव्हाइस’मध्ये सी. सगळे हसले. आता मेल टाकताना हात थरथरतो. बजाजनगरात स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तीन महिन्यांचे नऊ हजार. वडिलांच्या डोक्यावर पिक कर्ज आहे, नऊ हजार मला लहान नाहीत. क्लास लावू का? का मराठी माध्यमवाल्याचं हे असंच चालायचं?

– एक वाचक, वाळूज

उत्तर :

क्लास लावू नका.

साहेबांनी मेल पडद्यावर लावले म्हणून लोक हसले. तेच मेल त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवले असते तर ‘मशीन इज स्टेशनरी’ कुणाच्या लक्षातही आलं नसतं. थांबलेलं मशीन आणि वह्या-पेनं, दोन्हींचा उच्चार एकच. जो आजार बोलताना दिसतच नाही त्याला बोलण्याच्या क्लासात औषध कुठून मिळणार? आणि बोलता येत नाही अशी तक्रार तर तुमच्या पत्रात कुठंच नाही.

मराठी माध्यमाचं म्हणाल, तर मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली आणि पुढं परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुम्ही तर पहिलीपासून इंग्रजी शिकलेले. २००० सालापासून राज्यात तसंच आहे. ‘देअर’, ‘युअर’, ‘इट्स’ या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये लंडनमध्ये जन्मलेली माणसंही सर्रास घसरतात. त्यांनी भाषा आधी कानानं घेतली, स्पेलिंग नंतर आलं. आपण पुस्तकातून, म्हणजे डोळ्यानं शिकलो, त्यामुळे या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा थोडे सुखीच.

तुमच्या चुका मी दोन ढिगांत टाकल्या. एका ढिगात इंग्रजीचा दोष, दुसऱ्यात मराठीचा हात. बॉक्सचं प्रकरण दुसऱ्या ढिगातलं, आणि मला त्याच्यावरच जास्त बोलायचंय.

आपलं ‘आणणं’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. ‘मोंढ्यातून बियाणं आणलं’ म्हटलं की पैसे मोजले हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘विहिरीवरून पाणी आणलं’ म्हटलं की पैशाचा प्रश्नच नसतो. क्रियापद तेच, पैशाचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ‘घेणं’ही तसंच : पोराला कडेवर घेतो आणि पोळ्याच्या आधी बैलजोडीही घेतो. पोराचे पैसे कुणी देत नाही. इंग्रजीनं मात्र व्यवहाराचं क्रियापद आणि वाहतुकीचं क्रियापद सुरुवातीपासून वेगळं ठेवलंय, म्हणून तुमच्या डोक्यातलं ‘आणलं’ बोटांत उतरताना चुकीच्या खोलीत शिरलं. तुम्ही इंग्रजीत कच्चे म्हणून नाही, मराठीत विचार करता म्हणून. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

इलाजही मराठीतच आहे. वाक्यात ‘विकत’ घालून बघा. ‘प्लांट टूमधून बॉक्स विकत आणले.’ हे खोटं आहे ना? मग तिथं ‘ब्रॉट’. ‘विकत’ खरं ठरलं तर ‘बॉट’. आणि अक्षर लक्षात ठेवायचं असेल तर एकच, आर. ‘ब्रिंग’मध्ये आर आहे म्हणून ‘ब्रॉट’मध्ये आहे, ‘बाय’मध्ये नाही म्हणून ‘बॉट’मध्ये नाही. तुमचा एक आर गळला आणि अकाउंट्सला बिल हवंसं झालं.

याच ढिगातली दुसरी चूक तुम्ही अजून केलेली नसेल, पण कराल, कारण पत्रात ‘दोन वर्षांपासून’ लिहिलंय. ते इंग्रजीत नेलं की हमखास ‘सिन्स टू इयर्स’ होतं. आपण ‘पोळ्यापासून पाऊस नाही’ म्हणतो आणि ‘तीन आठवड्यांपासून पाऊस नाही’ असंही म्हणतो, ‘पासून’ दोन्हीकडं चालतं. इंग्रजी इथं थांबून विचारतं : बोट ठेवता येतं का मोजता येतं? पोळ्यावर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येतं, तिथं ‘सिन्स’. तीन आठवडे मोजावे लागतात, तिथं ‘फॉर’. तुमची नोकरी ‘फॉर टू इयर्स’. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’चंही असंच, कारण आपल्याकडं हातउसनं दिलं काय आणि घेतलं काय, शब्द उसनाच. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो.

आता पहिला ढीग, जिथं दोष इंग्रजीचाच आहे.

‘स्टेशनरी’पासून सुरू करू, कारण ती गोष्ट मला आवडते. हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकत, आपल्या आठवडी बाजारांतल्या विक्रेत्यांसारखे. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे मात्र एका जागी ठाण मांडून बसत. अशा ठाण मांडलेल्या दुकानदाराला लॅटिनमध्ये ‘स्टॅटिओनारियस’ म्हणत, त्याचा इंग्रजीत ‘स्टेशनर’ झाला आणि तो विकायचा ती ‘स्टेशनरी’. लंडनमधल्या या मंडळींच्या संघाला १५५७ मध्ये राजसनदही मिळाली. म्हणजे वही-पेनांच्या स्टेशनरीच्या मुळाशीही ‘एका जागी थांबणं’च आहे, तुमच्या बंद मशीनसारखं. पुढं स्पेलिंगमध्ये एका अक्षराची फाळणी झाली : दुकानदार ‘स्टेशनर’ ई-आरनं संपतो, म्हणून त्याच्या मालात ई, नुसतं थांबलेलं असेल तर ए. आमच्या शाळेत सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, पैसे आले की खडू, रजिस्टर, कागद यायचा. ‘पेपर’च्या शेवटीही ई-आर आहे, तेवढं आठवलं तरी पुरे. बाकी बंद मशीनसाठी हा शब्द वापरायची काय गरज होती तेच मला कळेना. ‘मशीन इज नॉट रनिंग’ लिहिलं असतं तर ए-ईचा प्रश्नच आला नसता.

‘लूज’मध्ये आपण मराठी माणसांनी आणखी एक घोळ घातलाय. नट ‘लूज’ झाला, पँट ‘लूज’ होते, असं आपण शेवटी ‘ज’ लावून म्हणतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द ‘लूस’ आहे, शेवटी स्वच्छ ‘स’. आपण ज्याला ‘लूज’ म्हणतो तो उच्चार खरं तर हरवणं, गमावणं या शब्दाचा. म्हणजे आपला कान आधीच चुकीचा लावलेला, मग हाताचा काय दोष? सैलचा स आणि ‘लूस’चा स जुळवून ठेवा. सैल कपड्यात जागा असते, दोन ओ मावतात. चलन हरवायचं नसेल तर एकच ओ, शेवटी झ-सारखा आवाज. ‘चूज’मध्ये दोन ओ असून शेवटी तोच झ-सारखा आवाज कसा, हे मला विचारू नका, इंग्रजी स्पेलिंगकडं न्याय मागायला गेलं की हात हलवत परत यावं लागतं.

हाच ‘स’ ‘ॲडव्हाइस’लाही कामाला येतो. ‘स’ ऐकू आला तर सल्ला, आणि स्पेलिंगमध्ये सी. सल्ला द्या असं म्हणायचं असेल तर शेवटचा आवाज झ-सारखा आणि स्पेलिंगमध्ये एस. तुम्ही ‘किंडली’ लिहिलंत, म्हणजे साहेबांनी काहीतरी करावं ही विनंती, म्हणून एस. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’लाही नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. अमेरिकेत वेगळं चालतं. तुमच्या संगणकावर भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली असेल तर तो बरोबर लिहिलेल्या ब्रिटिश ‘लायसन्स’खालीही लाल रेघ ओढील. घाबरू नका.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, म्हणजे उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तोवर कोर्ट-कचेरी, सगळं उर्दूच. ते सांगायचे, उर्दूत ‘ज़’ या एका आवाजाला चार अक्षरं : ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय. बघायची ‘नजर’ ज़ोयनं लिहायची आणि ‘नजराणा’ ज़ालनं. आवाज सारखाच. मास्तर इमला, म्हणजे श्रुतलेखन, घालत आणि चुकलं की छडी. परतूरची, पाथरीची, शेतकऱ्यांची पोरं हे शिकली. कुठल्या शब्दात कुठला ज़ हे त्यांनी कशावरून लक्षात ठेवलं असेल? आजोबा म्हणायचे, ‘अर्थावरून, बाई. नजराण्याचा अर्थ कळला की ज़ाल आपोआप येतो.’ आपोआप नसेल येत, छडीनंही येत असेल. पण ‘अर्थावरून’ हे मला पटलं.

अपॉस्ट्रॉफीचं प्रकरण तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या मेलमध्ये असणारच, म्हणून घेते. आपल्याकडं ‘सोऽहम्’ लिहितात, मधे तो ऽ. अवग्रह. ‘सः अहम्’ जोडताना एक ‘अ’ गिळला गेला, त्याची ती खूण. इंग्रजीतला वर टांगलेला स्वल्पविरामही बऱ्याच ठिकाणी तेच काम करतो : इथं काहीतरी गिळलंय. म्हणून ‘इट्स’ लिहिताना ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं उलगडून बघा. उलगडलं तर अवग्रह टाका, नाही उलगडलं तर नको. ‘कंपनीनं तिची वेळ बदलली’ यातलं ‘तिची’ उलगडत नाही, म्हणून तिथं नुसतं आय-टी-एस. घोटाळा होतो कारण ‘सुपरवायझरची केबिन’ म्हणताना मालकीसाठीही हीच खूण लागते. पण ती नामांना. ‘हिज’मध्ये कधी अपॉस्ट्रॉफी बघितलाय? मग त्याच्या या भावंडालाही नको. आणि चुकलंच तर एवढं ठाऊक असू द्या की सतराव्या-अठराव्या शतकातल्या छापील इंग्रजीत मालकीच्या अर्थानंही हा शब्द अपॉस्ट्रॉफीसकट सापडतो. साहेबांना मात्र हे सांगू नका.

‘युअर’साठी माझ्या वर्गातली युक्ती गावठी आहे. आपल्याकडं गावात माझं-तुझं याला ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणतात. वाक्यात ‘तुपलं’ बसलं तर वाय-ओ-यू-आर. ‘तू हायेस’ बसलं तर अपॉस्ट्रॉफीवालं. साहेबांना मेल लिहिताना मनात ‘तुपलं’ म्हणालात तर कुणाला ऐकू जात नाही. ‘देअर’चंही तसंच : ‘त्यांचं’ असेल तर शेवटी ई-आय-आर, ‘तिथं’ असेल तर ‘हिअर’सारखं ई-आर-ई, ‘ते आहेत’ असेल तर अवग्रह.

‘देन’ आणि ‘दॅन’ मुळात एकच शब्द होता, त्यांचं स्पेलिंग पक्कं वेगळं व्हायला १७०० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. म्हणजे त्यांनाही कैक शतकं लागली. मराठीत ‘मग’ आणि ‘पेक्षा’ यांच्यात गोंधळ होऊच शकत नाही. ‘पेक्षा’ म्हणायचं असेल तर ए. ‘इफेक्ट’ औषधाच्या पुडीवरच्या ‘साईड इफेक्ट’वरून, तो परिणाम, ई. परिणाम करणं असेल तर बहुतेक वेळा ए. ‘प्रिन्सिपल’चे मुख्य, मुख्याध्यापक आणि कर्जाचं मुद्दल असे तिन्ही ‘मु’वाले अर्थ पी-ए-एलनं संपतात, उरलं ते तत्त्व, ते पी-एल-ई. पुस्तकांत ‘पाल’ म्हणजे मित्र, म्हणून प्रिन्सिपल हा तुमचा मित्र, अशी युक्ती देतात. आमच्या पिढीतला एकही मुख्याध्यापक या युक्तीत बसला नसता.

आता करायचं काय. सगळ्यात आधी, इंटरनेटवर ‘गोंधळाच्या शंभर जोड्या’ असलं काही दिसलं तर उघडूही नका. नोकरीच्या सुरुवातीला मी मोठ्या हौसेनं फळ्यावर दोन स्टेशनऱ्या शेजारी शेजारी लिहिल्या, फरक समजावला, पोरांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी लिहायला दिलं, तर काल ज्यांचं बरोबर होतं तीही चुकली. शेजारी ठेवले की दोन्ही शब्द एकमेकांना चिकटतात. त्यानंतर मी एका आठवड्यात जोडीतला एकच शब्द शिकवत आले, आणि दुसऱ्याचं नावही काढत नसे. तुम्हीही तसंच करा. पुढचे पंधरा दिवस फक्त ‘ब्रॉट’. ‘बॉट’ला तुमच्या कामात तसंही काही स्थान नाही, खरेदी परचेसवाले करतात.

नंतर जुने शंभर मेल काढा आणि स्वतः चुकलेले शब्द खिशातल्या वहीत लिहा. माझा अंदाज, आठच्या वर जाणार नाहीत. माणूस नेहमी आपल्या ठरलेल्या खड्ड्यातच पडतो. मेल पाठवायच्या आधी कंट्रोल-एफ दाबून तेच शब्द शोधा आणि प्रत्येकाला एक मराठी शब्द लावून बघा. स्पेलचेकवर भिस्त ठेवू नका. ‘बॉट’ हा शब्द म्हणून बरोबरच आहे, त्याखाली रेघ येत नाही. मोबाइलमधली मेल सुधारणारी ॲप वापरलीत तरी हरकत नाही, पण चाळीस बॉक्स विकत आणले का नुसते आले, हे ॲपला माहीत नसतं. ते तुम्हालाच माहीत आहे.

आणि जिथं धंद्याचा शब्द हाताशी आहे तिथं तोच वापरा. तुम्ही रोज जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची ‘गुड्स रिसीट नोट’, भरता. त्यातला मधला आर ‘रिसीट’चा. मग ‘वुई हॅव रिसीव्ह्ड फॉर्टी बॉक्सेस फ्रॉम प्लांट टू’ लिहायला काय अडचण होती? ‘ट्रान्स्फर’ही चाललं असतं. स्टोअरचा माणूस स्टोअरच्या भाषेत लिहू लागला की अर्ध्या चुका जागच्या जागी मरतात.

अकाउंट्सला अजून खुलासा दिला नसेल तर दोन ओळींचा द्या : बॉक्स ट्रान्स्फर झाले, खरेदी नाही, आधीच्या मेलमध्ये शब्द चुकला. माफी एकदाच मागा, तीनदा नको. साहेबांना उत्तर देऊ नका. पडद्यावर लावून हसवणं मला आवडलं नाही, पण नवी नोकरी हाताशी नसताना त्यावरून भांडा असा सल्ला मी देणार नाही.

एक राहिलं. तुमच्या मराठी पत्रात ‘पिक कर्ज’ ऱ्हस्व आहे. ऱ्हस्व ‘पिक’ म्हणजे कोकीळ, संस्कृतातला. कोकिळेला कर्ज कोण देतंय? तुम्ही एकटे नाही, ‘पिक विमा भरून मिळेल’ असले फ्लेक्स रस्त्यानं कितीतरी दिसतात. शेतातलं ‘पीक’ दीर्घ, पण ‘पिकाला’, ‘पिकाचं’ करताना तेच ऱ्हस्व होतं, म्हणून हात फसतो. वहीत नववा शब्द म्हणून हाही लिहून ठेवा. वडिलांच्या अर्जावर मात्र बँकेनं जे छापलंय ते तसंच राहू द्या, तिथं खाडाखोड चालत नाही.